साहेबांसाठी दोन गेम

नागोयाच्या मुख्य कार्यालयातून आलेली मेल तीन ओळींची होती. आपल्या कंपनीच्या कर्मचारी कुराहाशी चिनात्सु पुढच्या आठवड्यात बेंगळुरूला टेनिसची स्पर्धा खेळायला येत आहेत, त्यांना लागेल ती मदत करावी, आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमस्व. मी तिचं भाषांतर करून एचआरच्या वेदांतकडे पाठवलं आणि घोळ तिथून सुरू झाला.

मी अश्लेषा, निपाणीची. पुण्यात जपानी शिकले आणि गेली सात वर्षं बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात दक्कन-ओकुमुरा गिअर्स या कारखान्यात दुभाषी आहे. कारखान्याची निम्मी मालकी जपानी, निम्मी इथली. दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल काय वाटतं ते एकमेकांना कळू न देणं, हे माझं खरं काम. जपानी साहेब चिडून विचारतो, "हा दाता कापणारा माणूस झोपला होता का?" मी आमच्या लोकांना सांगते, "दात्याच्या कडेबद्दल त्यांना जरा जास्त माहिती हवी आहे." यासाठी मला दरवर्षी उत्कृष्ट संवादाचं प्रशस्तिपत्रक मिळतं.

वेदांत मूळचा पुण्याचा. बेंगळुरूतल्याच महादेवपुऱ्याची आयटी कंपनी सोडून आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे आला होता आणि कारखान्यात काहीच 'इव्हेंट' होत नाहीत म्हणून कुढत होता. मेल वाचून तो माझ्या टेबलापाशी धावत आला.

"अगं, वर्ल्ड चॅम्पियन आपली एम्प्लॉयी आहे आणि आपल्याला माहीतच नाही?"

"चॅम्पियन नाही रे. मी पाहिलं. तिचा क्रमांक तीनशे अठ्ठ्याऐंशी आहे."

"जगात ना?"

"जगात."

"मग? जगात आठशे कोटी लोक आहेत, अश्लेषा. तू बेसिक मॅथ्स करून बघ."

दुसऱ्या दिवशी गेटवर बॅनर लागला. त्यावर 'वर्ल्ड चॅम्पियन' असं लिहिलं होतं. खाली रॅकेट होती, पण ती बॅडमिंटनची होती. उजव्या बाजूला आमचे प्लांट हेड प्रतापराव शितोळे हात जोडून उभे होते. पाहुणीचा फोटो नव्हता, कारण नागोयाने पाठवला नव्हता आणि प्रतापरावांचा तयार होता.

विमानतळावर मी आणि ड्रायव्हर महांतेशअण्णा गेलो. अण्णा अथणीचे, मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलणारे. काचेच्या दारातून एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई दोन अगडबंब बॅगा ओढत बाहेर आली. वय छत्तीस. उजव्या खांद्यावर पट्टी चिकटवलेली. तिच्या मागे कोणीच नव्हतं.

"बाकीचे लोक येल्ली?" अण्णांनी विचारलं. "कोच, डॉक्टर?"

मी जपानीत विचारलं. ती म्हणाली, "मीच."

वेदांतने तिची सोय कारखान्याजवळच्या हॉटेलात केली होती. आपल्या माणसांच्या जवळ राहिल्याने तिला घरच्यासारखं वाटेल असं त्याचं म्हणणं. स्पर्धेची कोर्टं शहराच्या मध्यावर होती. त्यामुळे बाकीच्या खेळाडू कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर उतरल्या असताना आमची पाहुणी रोज होसूर रोडवर जायचे दोन तास आणि यायचे दोन तास गाडीत बसत असे. तिने तक्रार केली नाही. तिने पहिल्या दिवशी फक्त विचारलं, "या रस्त्याला काही झालं आहे का?" मी म्हणाले, नाही, हा असाच असतो. मग ती सीटवर पाय वर घेऊन रबरी पट्ट्याने खांद्याचा व्यायाम करू लागली.

त्या चार तासांमुळे मला तिची कहाणी कळली. मी विचारलं तेवढंच तिने सांगितलं.

तिची आई दुपारी कोर्टावर मैत्रिणींबरोबर खेळायची. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून पोरीलाही न्यायची आणि एका भिंतीसमोर उभी करायची. सहाव्या वर्षापासून ती त्या भिंतीवर चेंडू मारत होती. सतराव्या वर्षी व्यावसायिक झाली. तेविसाव्या वर्षी मेलबर्नला पात्रता फेरीचे तिन्ही सामने जिंकून मोठ्या स्पर्धेच्या मुख्य यादीत आली.

"मग?" मी विचारलं.

"एकोणसाठ मिनिटं," ती म्हणाली. "सहा-एक, सहा-दोन. बेचाळीस अंश तापमान होतं. समोरची मुलगी सावलीत असल्यासारखी खेळत होती."

त्या वर्षी तिचा क्रमांक एकशे एकतीसपर्यंत गेला. आयुष्यातला सगळ्यात वरचा. मग खांदा गेला, शस्त्रक्रिया झाली, चौदा महिने गेले. परत आली तेव्हा तिचा क्रमांक आठशेच्याही खाली घसरला होता. तिथून पुन्हा चढली. कझाकस्तान, ट्युनिशिया, थायलंड, नागपूर, जिथे छोट्या स्पर्धा होतात तिथे एकटीच बॅगा ओढत गेली. लहानसहान पाच स्पर्धा जिंकली. गेली अकरा वर्षं ओकुमुरा कंपनी तिला पगार देत होती. जपानात मोठ्या कंपन्या अशा खेळाडूंना कागदोपत्री नोकरीवर ठेवतात. कागदावर ती सामान्य प्रशासन विभागात होती. त्या विभागात तिने एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

"मार्चमध्ये कंपनी टेनिस विभाग बंद करतेय," ती म्हणाली. "बेंगळुरू माझी शेवटून दुसरी स्पर्धा."

महांतेशअण्णांनी आरशातून विचारलं, "काय म्हणतात अक्का?" मी सांगितलं. अण्णांनी ब्रेक दाबला, समोरच्या रिक्षाला कन्नडमध्ये दोन शब्द ऐकवले आणि म्हणाले, "एकोणीस वर्षं ट्रॅफिकात बसल्यागत झालं की हे."

मी ते तिला सांगितलं. ती पहिल्यांदा हसली.

पात्रता फेरीचे दोन सामने ती जिंकली. मुख्य स्पर्धेच्या पहिल्या सामन्याला वेदांतने कंपनीची बस काढली. चाळीस लोकांना पिवळे टी-शर्ट वाटले. त्यातल्या अडतिसांनी टेनिसचा सामना कधी पाहिला नव्हता. कुराहाशी सर्व्हिस करायला चेंडू उडवायची की हे 'दक्कन, दक्कन' सुरू करायचे. पंचांनी तीनदा शांत राहायला सांगितलं. चौथ्या वेळी पंचांनी वेदांतकडे बोट दाखवलं आणि वेदांतने हात हलवून अभिवादन केलं.

समोर एकोणीस वर्षांची सर्बियन मुलगी होती. सामना लांबला. एक सेट हिचा, एक तिचा. तिसऱ्या सेटमध्ये चार-चार असताना साडेचार वाजले आणि सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकायला नको म्हणून बस निघून गेली. पिवळे टी-शर्ट एका झटक्यात उठले. पाहुणी सर्व्हिस करणार होती. ती थांबली, सगळे रांगेने बाहेर जाईपर्यंत चेंडू आपटत राहिली, आणि मग खेळली. त्यानंतर गॅलरीत मी, महांतेशअण्णा आणि सर्बियन मुलीचे वडील एवढेच उरलो. ती सात-पाच हरली. दोन तास एक्कावन्न मिनिटं. शेवटचा फटका मारताना तिचा खांदा वर जाईना, हे मला गॅलरीतून दिसत होतं. तिने हस्तांदोलन केलं, खुर्चीवर बसली आणि बूट काढून त्यातली माती झटकली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये प्रतापराव म्हणाले, "पहिल्याच फेरीत? एवढ्या लांबून येऊन?"

प्रतापराव सत्तावन्न वर्षांचे. जे. पी. नगरच्या एका क्लबात ते दर रविवारी टेनिस खेळतात आणि गेल्या सहा वर्षांत तिथे एकदाही हरलेले नाहीत. त्यांच्याशी खेळणारे चौघेही आमच्या कंपनीला माल पुरवतात.

"मी पाहिलं व्हिडिओत," ते म्हणाले. "बॅकहँड चांगला आहे, पण पॉवर नाही. बायकांच्या खेळात तोच प्रॉब्लेम असतो. वेदांत, रविवारी एक मैत्रीपूर्ण सामना ठेव. तिचंही मन रमेल."

तिचं विमान सोमवारी होतं. नागोयाला विचारलं तर तिकडून उत्तर आलं की स्थानिक व्यवस्थापनाला सहकार्य करावं. ती कर्मचारी होती. तिने मान तुकवली आणि रविवारी किती वाजता तेवढं विचारलं.

क्लबातलं कोर्ट लाल मातीचं. बाजूला शामियाना, समोसे, माईक. साहेबांनी नवे कोरे पांढरे कपडे, नवी रॅकेट, कपाळाला पट्टी आणि गुडघ्याला निळी कॅप असा जामानिमा केला होता. पुरवठादार चौघे पहिल्या रांगेत. कुराहाशी बाकावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. तेवढ्यात वेदांत माझ्या कानाशी आला.

"तिला सांग ना, सरांना दोन-तीन गेम जाऊ देत. सेट घे म्हणावं, पण सिक्स-थ्री वगैरे. ऑप्टिक्स गं. स्वल्प अडजस्ट."

'थोडं सांभाळून घ्या', बेंगळुरूत आल्यापासून तो एवढंच कन्नड शिकला होता.

मी तिच्याशेजारी बसले. मी हे फार गोड शब्दांत सांगितलं. प्रतापराव-सान वयाने मोठे आहेत, त्यांच्या हाताखालची माणसं बघायला आली आहेत, तेव्हा त्यांच्याकडे दोन-तीन गेम गेले तर सगळ्यांनाच आनंद होईल.

तिचे हात नाडीवरच थांबले.

"हे कोणी सांगितलं?"

"त्या एचआरवाल्याने."

"पूर्ण नाव काय?" तिने बॅगेतून फोन काढला. "पद? फोन नंबर?"

"कशाला?"

"कोणी सामन्याचा निकाल बदलायला सांगितलं तर आम्हाला लगेच लेखी कळवावं लागतं. टेनिसमधल्या फसवणुकीवर नजर ठेवणारी संस्था आहे. दहा वर्षांपूर्वी मला एका अनोळखी माणसाचा मेसेज आला होता, दुसरा सेट हर म्हणून. मी कळवलं. माझ्या ओळखीच्या एका मुलीने कळवलं नाही. तिच्यावर चार वर्षांची बंदी आली."

"पण हा क्लबातला सामना आहे. मजेचा."

"ते ठरवायचं काम त्यांचं," ती म्हणाली आणि टाइप करू लागली. चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

वेदांत जरा दूर उभा राहून अंगठा दाखवत होता. मग त्याला राहवेना. "काय चाललंय? हो म्हणाली का?"

"तुझं नाव लिहितेय. स्पेलिंग विचारतेय. व्हीने सुरू होतं की डब्ल्यूने?"

मी त्याला सगळं समजावलं. तो आधी हसला, मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग त्याचा रंग उतरला.

"सांग तिला, मी मागे घेतो. मी काही बोललोच नाही."

मी सांगितलं. ती म्हणाली, "मागे घेतलं, हेही लिहिते." तिने तेही लिहिलं, मेल पाठवली, फोन बॅगेत ठेवला आणि कोर्टवर गेली.

ती पूर्ण ताकदीने खेळली नाही. पूर्ण ताकदीने खेळली असती तर चेंडू गेला कधी हेही साहेबांना कळलं नसतं. ती सगळे चेंडू त्यांना दिसतील असे मारत होती, फक्त ते जिथे उभे नसत तिथे. साहेब डावीकडे धावले की चेंडू उजवीकडे, उजवीकडे वळले की मागे. पहिले तीन गेम सात मिनिटांत संपले. चौथ्यात साहेबांनी रेषेवर पडलेला चेंडू बाहेर म्हणून सांगितला. तिने मान डोलावली. मग रेषेच्या चांगला वीतभर आत पडलेला चेंडूही त्यांनी बाहेर दिला. तेव्हा ती जाळीला वळसा घालून त्यांच्या बाजूला आली, मातीतल्या खुणेभोवती रॅकेटने एक गोल काढला आणि काही न बोलता तिथेच उभी राहिली. चारही पुरवठादार समोरच्या चिंचेच्या झाडाकडे बघू लागले.

"ओके, ओके. इन," साहेब म्हणाले.

सहा-शून्य. एकोणीस मिनिटं. साहेबांना एकूण पाच गुण मिळाले. त्यातला एक त्या रेषेवरच्या चेंडूचा. एकदा तिने आडवा फटका मारला तेव्हा एका पुरवठादाराच्या तोंडून 'व्वा' निघून गेलं. त्याने लगेच समोसा तोंडात घातला.

साहेब घामाने निथळत माईकपाशी आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कोणासाठी, हे कोणालाच नक्की माहीत नसल्यामुळे त्या जरा जास्तच वाजल्या.

"मित्रहो," प्रतापराव धापा टाकत म्हणाले, "आपल्याकडे पाहुणा देवासमान. पाहुण्याला जिंकू देणं ही आपली संस्कृती आहे. मी ठरवलंच होतं की आज आपण जोर लावायचा नाही."

पुन्हा टाळ्या. कुराहाशीने मला विचारलं, "काय म्हणाले?"

सात वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडाशी एक गुळगुळीत वाक्य तयार होतं. साहेब तुमच्या खेळाचं कौतुक करत आहेत, असं काहीतरी. पण मला ती गॅलरी आठवली, रांगेने उठून गेलेले ते पिवळे टी-शर्ट, आणि चेंडू आपटत थांबलेली ही बाई. मी शब्दाला शब्द भाषांतर केलं.

तिने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे ते मुद्दाम हरले?"

"असं ते म्हणतायत."

"मग त्यांचंही नाव कळवावं लागेल," ती म्हणाली आणि बॅगेकडे वळली. "पूर्ण नाव सांग."

माईक चालूच होता. साहेबांनी विचारलं, "काय म्हणते ती?"

मी सांगितलं. मराठीत, सरळ, माईकजवळच उभी राहून. मुद्दाम सामना हरणं हा टेनिसमध्ये गुन्हा आहे, सर. तुम्ही मुद्दाम हरलात असं आत्ता म्हणालात, म्हणून त्या तुमचं नाव कळवतायत. जागतिक संस्थेला. मेलने.

"अगं, तसं नाही. ते आपलं... बोलायची पद्धत असते."

"मग त्यांना काय सांगू? तुम्ही पूर्ण प्रयत्न केलेत आणि हरलात, असं सांगू?"

शामियान्यात कोणीतरी खोकलं. साहेबांनी कपाळाची पट्टी काढली, पिळली, पुन्हा हातात धरली. वेदांत कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. वेदांत समोशांच्या टेबलामागे होता.

"सांग," प्रतापराव म्हणाले.

"पूर्ण प्रयत्न केलात?"

"हो म्हटलं ना. पूर्ण."

मी भाषांतर केलं. कुराहाशीने फोन ठेवून दिला, साहेबांसमोर येऊन कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "खेळल्याबद्दल आभार. तुमचा फोरहँड चांगला आहे. गुडघ्याची काळजी घ्या." हेही मी शब्दाला शब्द सांगितलं. पण तेवढंच कोणी ऐकलं नाही.

परत जाताना गाडीत मी तिला विचारलं, "एक गेम सोडला असता तर काय बिघडलं असतं?"

तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. "ते टेनिसचे बूट घालून आले होते," ती म्हणाली. "म्हणजे खेळायला आले होते."

महांतेशअण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "सरी," म्हणाले. "बरोबर आहे अक्कांचं."

त्या संस्थेचं उत्तर नवव्या दिवशी आलं. तो सामना नियमांच्या कक्षेत येत नाही, मात्र माहिती दिल्याबद्दल आभार, नोंद ठेवली आहे. हे नऊ दिवस वेदांत रोज सकाळी मला विचारायचा की हे प्रकरण व्हिसाच्या आड येतं का. 'नोंद ठेवली आहे' हे वाचल्यावर तो आणखी आठवडाभर विचारत राहिला. कंपनीच्या मासिकात 'जे. पी. नगरात रंगली रोमहर्षक लढत' असा मथळा आला. जाळीपाशी हस्तांदोलनाचा फोटो होता, गुणसंख्या नव्हती. प्रतापरावांनी गुडघ्याचं कारण सांगून क्लब सोडला आणि गोल्फ सुरू केलं. त्यातही ते जिंकतात असं ऐकते. मला त्या वर्षी प्रशस्तिपत्रक मिळालं नाही.

शेवटची स्पर्धा ती मार्चमध्ये जपानात खेळली. मी फोनवर आकडे बदलताना बघत होते. पात्रतेच्या पहिल्याच सामन्यात सोळा वर्षांच्या मुलीकडून हरली. एका जपानी क्रीडा संकेतस्थळावर दोन ओळी आल्या. पहिलीत तिचं नाव, दुसरीत मेलबर्नचं साल चुकीचं.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. टेनिस थांबल्यावर खरी नोकरी देण्याचा शब्द कंपनीने पाळला होता, सामान्य प्रशासनात टेबल दिलं होतं. पण कागदावर ती त्या विभागात अकरा वर्षं होती. त्यामुळे तिला चार मुलींची वरिष्ठ केलं होतं, आणि त्या चौघी रोज तिला विचारायला यायच्या की बैठकीच्या खोलीची किल्ली कुठे ठेवायची.

"मग तुम्ही काय सांगता?"

"मी त्यांना विचारते, काल कुठे ठेवली होती? मग त्या मला दाखवतात. मी म्हणते, तिथेच." ती पुढे म्हणाली, "सगळे म्हणतात मी फार शांत वरिष्ठ आहे."

ऑगस्टमध्ये तिने राजीनामा दिला. कारणाच्या जागी, तिकडची रीत आहे तसं, 'वैयक्तिक' एवढंच लिहिलं. आता ती एका वीस वर्षांच्या मुलीची कोच म्हणून फिरते. मुलगी सातशे बारावी आहे, तापट आहे, आणि बॅगा स्वतःच ओढते, कारण कोचने तसं बजावलंय. गेल्या आठवड्यात दोघी ट्युनिशियात होत्या. मुलगी पहिल्याच फेरीत हरली. मी मेसेज करून विचारलं, मग आता काय?

तिने उत्तर दिलं, उद्या सकाळी सातला सराव.